बिनकामाची पडवी

८ जून, रविवार

भूपेश पुन्हा येऊन गेला. पांढरे बूट, डोक्यावर चढवलेला गॉगल, हातात संत्रा बर्फीचा डबा. हा गृहस्थ बिल्डर आहे. शिवाय सक्करदऱ्याजवळच्या विणकर शिक्षण मंडळाचा सचिवही आहे, कारण बिल्डर माणसाला एखादं मंडळ लागतंच. मंडळाच्या शाळेला यंदा शंभर वर्षं होताहेत. स्मरणिका काढायची म्हणे. त्यात शाळेच्या इमारतीवरचं प्रकरण मी लिहावं.

"सर, बांधकाम खात्यात तुमच्यासारखा माणूस झाला नाही. जुन्या इमारतींवरचे तुमचे पेपरातले सारे लेख मी कापून ठेवले."

एकाही लेखाचं नाव सांगता आलं नाही त्याला. तरी मी हो म्हणालो. बर्फी चांगली होती, पण ते कारण नाही.

सौ. कप उचलताना म्हणाली, "हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्यानं, अन् चढले तुम्ही." चढलो. निवृत्तीनंतर हे झाड मला कुणी दाखवलंच नव्हतं.

११ जून, बुधवार

शाळा पाहिली. शंभर वर्षं उभी आहे याचं श्रेय बांधणाऱ्याला नाही, नागपूरच्या कोरड्या हवेला.

एका ओळीत सात खोल्या. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड विटांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. इथवर ठीक. पण समोरची पडवी! खोल्यांच्या पुढून धावत सुटते आणि शेवटची खोली संपली तरी थांबत नाही. पुढे आणखी दोन खोल्यांएवढी नुसती पडवीच. मागे काही नाही. टोकाला उगीच एक भिंत. छपराची वळचण इतकी खाली आणली आहे की माझं डोकं दोनदा आपटलं. दोन्ही टोकांच्या भिंतींत लोखंडाच्या जाडजूड कड्या. कशाला? गुरं बांधायला? खात्यात माझ्या हाताखालच्या कुणी असा नकाशा आणला असता तर मी तो त्याच्याच हातानं फाडायला लावला असता.

मुख्याध्यापिका कुसुमावती मॅडम बरोबर होत्या. पन्नाशीच्या, याच गल्लीतल्या, याच शाळेत शिकलेल्या. चेहरा असा, की समोरचा आधीच चुकलेला आहे. "सर, ही पडवी अशी काहून आहे ते—" असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. मी म्हटलं, "मॅडम, मला मापं घेऊ द्या. मी जन्मभर इमारतीच बांधल्या." शाळेच्या बाईंना इमारतीतलं काय कळणार?

जाताना एक करमणूक झाली. गल्लीतल्या मुलींनी पडवीत लांबच लांब दोरी बांधून उड्यांचा खेळ मांडला होता. गुडघ्याएवढी दोरी. भूपेशला ऑफिसात जायचं होतं. हा माणूस ती दोरी ओलांडेना! पायऱ्या उतरला, भर उन्हात अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडून चढला. पोट आड येत असावं. बिल्डर लोकांचं अंग असंच सुटतं.

१२ जून

डोक्याला टेंगूळ. वळचणीचं.

१५ जून, रविवार

प्रकरण लिहून झालं. एका बैठकीत. बऱ्याच दिवसांनी लेखणीला धार आली होती. इथे उतरवून ठेवतो:

'ही पडवी म्हणजे मापाची काठी हरवलेल्या गवंड्याचं स्मारक आहे. खोल्या संपल्या तरी ती संपत नाही. पाठीशी भिंत नाही, पुढे काम नाही. साऱ्या नागपुरात इतकी बिनकामाची पडवी दुसरी सापडणार नाही. टोकाच्या कड्या बहुधा कंत्राटदाराच्या बैलांसाठी असाव्यात; शाळेत काहीतरी शिकून बाहेर पडलेले ते पहिले जीव.'

आणि हे:

'पावसाळ्यात ही शाळा दुपारी बारा वाजता भरत असे, असं जुन्या हजेरीपटावर दिसतं. मास्तरांची झोप यापलीकडे याचं कारण आमच्या संशोधनाला सापडलं नाही.'

सौ.ला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "छान आहे. कोणाला विचारलं का पण?"

विचारायचं काय त्यात? पडवी समोर दिसते. डोळे आहेत, टेप आहे.

१८ जून, बुधवार

स्मरणिका समितीची बैठक. असली जत्रा फार दिवसांत पाहिली नव्हती. एकाला इमारत इंग्रज साहेबानं बांधलेली हवी. कोणता साहेब? ते माहीत नाही, पण साहेबच पाहिजे. नागपुरात जुनी भिंत दिसली की तिला साहेब बाप म्हणून चिकटवायचा, ही आमची जुनी खोड. दुसऱ्याला पायाचा दगड राजघराण्याच्या हातचा हवा. मी स्वच्छ सांगितलं, असं बांधकाम कोणताही साहेब किंवा राजा स्वतःच्या नावावर घेणार नाही.

मग प्रकरण वाचलं. आणि काय हसले लोक! गुलाबचंद म्हणून एक ऐंशीच्या घरातले सदस्य आहेत. जुनं विणकर घराणं, स्वतः गिरणीत कारकून होते. ते बैलांच्या वाक्याला इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "बिनकामाची! काय बोलले सर! मानलं तुम्हाले."

शेवटी एक रसिक भेटला.

भूपेश हसला नाही. मान खाली घालून ऐकत होता, मग म्हणाला, "सर, एक प्रत मले आजच द्या." कुसुमावती मॅडमही हसल्या नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती.

२१ जून

'शाळेत काहीतरी शिकून बाहेर पडलेले ते पहिले जीव' हे वाक्य मंडळाच्या ग्रुपवर फिरतंय. खाली कुणाचं नाव नाही. नागपूरकरांना साहित्यातलं फक्त फॉरवर्ड करता येतं.

२९ जून, रविवार

मंडळाची सर्वसाधारण सभा. मला खास गाडी पाठवली. शाल, श्रीफळ, आणि भूपेशचं भाषण. त्याचं मराठी ऐकताना मला नेहमी वाटतं की शाळा शंभर वर्षांपूर्वीच बंद करायला हवी होती.

मग ठराव आला. 'तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार' पडवी पाडायची, त्या जागी पार्किंग. तज्ज्ञ कोण? मी. भूपेशनं माझं प्रकरण काढलं आणि त्यातल्या ओळी वाचल्या. विनोद म्हणून नाही. अगदी सरकारी आवाजात. पाठीशी भिंत नाही. पुढे काम नाही. बिनकामाची पडवी. कुणी हसलं नाही.

कुसुमावती मॅडम उभ्या राहिल्या. "पडवी कशासाठी आहे ते इथं बसलेल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे," एवढं म्हणाल्या, तर मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, पुराण नको, मुद्दा बोला." मग त्या म्हणाल्या, "मुद्दाच बोलते. आज पडवी गेली तर दोन वर्षांत शाळा जाईल. मग आम्हाला मंडळाच्या उमरेड रोडवरच्या इमारतीत पाठवाल. एवढा मोठा रस्ता ओलांडून माझ्या पोरींना कोणी पाठवणार नाही. त्या घरी बसतील."

मला ते अतिरंजित वाटलं. पडवी आणि शाळा यांचा काय संबंध? पण भूपेश माझ्याकडे हात करून म्हणाला, "सर बसून आहेत. सरांपेक्षा जास्त कळते का कोणाले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाल सारखी केली.

ठराव मंजूर. सभासद बहुतेक भूपेशनंच करून घेतलेले, हात एकदमच वर गेले. गुलाबचंद सभेला नव्हते, लेकीकडे कळमेश्वरला गेले आहेत.

१ जुलै

मी 'पाडा' असं कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून खात्री केली.

२ जुलै

तिसऱ्यांदा वाचलं. लिहिलेलं नाही.

सौ.: "मग कशाला वाचता सारखं?"

६ जुलै, रविवार

आज सगळं लिहायचं. कितीही लाज वाटली तरी.

सकाळपासून मुसळधार. कशासाठी कोण जाणे, रिक्षा करून शाळेत गेलो. रविवार, शाळा बंद. पडवीत उभा राहिलो. पाऊस आडवा-तिडवा, वारा थेट तोंडावर, समोर मैदानाचं तळं झालेलं. आणि पडवी कोरडी! काठापासून वीतभर आत एक थेंब नाही. मी वाकून ती वळचण पाहिली, जिनं मला टेंगूळ दिलं होतं. ती जितकी खाली हवी तितकीच खाली होती. वीतभर वर असती तर अर्धी पडवी भिजली असती. हे चुकून होत नाही. कुणीतरी पावसात उभं राहून ठरवलेलं असतं.

मग आतल्या भिंतीला हात लावला. मातीचा गारा. पडवीमुळे शंभर वर्षं कोरडा राहिलेला. पडवी काढली की दोन पावसाळ्यांत तो गारा लोण्यासारखा होणार. भिंत फुगणार, मग 'धोकादायक'चा दाखला, मग उमरेड रोड, आणि इथे दुकानांचे गाळे. मॅडमनी सभेत हेच सांगितलं होतं. जन्मभर भिंती बांधलेला मी शाल पांघरून ऐकत बसलो होतो, आणि मला ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात गुलाबचंद आले. समोरच्याच गल्लीत राहतात. मला पाहून छत्री मिटली, हसतच वर चढले.

"सर, कालच आलो. घरी नातीले तुमचं ते बैलाचं वाचून दाखवलं. पोट धरधरून हसली. बैल म्हणे!"

मी विचारलं, "मग कशाच्या आहेत त्या कड्या?"

ते हसत होते. मग हसू थांबलं. माझ्याकडे नीट पाहिलं त्यांनी.

"सर, तुम्ही मजाक करून नव्हते राहिले?"

मी पुन्हा कड्यांकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडावर इतका संकोच मी पाहिला नव्हता. माझ्यासाठीचा संकोच.

"आम्हाले वाटलं, तुम्हाले माहीत आहे," ते म्हणाले. "इतकं शिकलेला माणूस. म्हटलं, मुद्दाम उलटं लिहून मजा घेऊन राहिला."

मग सांगितलं. ते बोलले तसंच लिहितो.

"ह्या कड्या ताण्याच्या. मागावर चढवाच्या आधी उभं सूत ताणून त्याले पेजेची खळ लावा लागे, कुंचा फिरवा लागे, अन् ताणलेलंच वाळवा लागे. त्याले पांजणी म्हणतात. उन्हाळ्यात गल्लीत होऊन जाये. पावसाळ्यात कुठं करतीन? काम बंद म्हणजे चूल बंद. तवा शाळा काढाची गोष्ट निघाली. आमच्या बुढ्यांनी दगड आणून दिला, भिंतीवर स्वतः राबले, अन् एकच अट घातली. पडवी आमच्या ताण्याएवढी लांब पायजे, अन् पावसाळ्यात सकाळची ती आमची. पोट्टे ताण्याले हात लावत, बारा वाजता ताणा सुटे, हात धुऊन वर्गात बसत. नाहीतर कोष्ट्याचं पोट्टं शाळेत कोण धाडे, सर? घरी हात कमी पडत."

"आणि मास्तर?"

"मास्तर बाहेर उभे. लागलेला ताणा ओलांडाचा नसते. खालूनही जाचं नसते. बामनाचा मास्तर असो का साहेब असो, बारापर्यंत बाहेरच."

मी त्या टोकाकडे पाहत राहिलो. खोल्या संपल्यावरही जी पडवी संपत नाही, ती ताण्यासाठी. खाली आणलेली वळचण सुतावर शिंतोडा येऊ नये म्हणून. बारा वाजता भरणारी शाळा, मुलं यावीत म्हणून. मी ज्याला ज्याला हसलो ती एकूण एक गोष्ट बरोबर होती. माझ्या सगळ्या नोकरीत मी अशी एकही इमारत बांधली नाही, जिच्यातली प्रत्येक लांबी कुणाच्या तरी पोटासाठी ठरवलेली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर माझ्या कळशावर मी विनोदी प्रकरण लिहिलं. आणि ज्यांच्या आजोबांनी तो घडवला ते पोट धरून हसले, कारण इतकी मोठी चूक कुणी खरोखर करेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

परतताना रिक्षात आठवलं. दोरी. भूपेश आणि गुडघ्याएवढी दोरी. पोट आड येत नव्हतं त्याच्या.

७ जुलै, सोमवार

भूपेशला फोन केला.

"तुला माहीत होतं."

"काय, सर?"

"पडवी कशाची आहे ते."

त्यानं कुणाला तरी साईटवरचा मिक्सर बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "माझ्या बापाचा ताणा तिथंच लागे, सर. सहावीपर्यंत मी खळ लावली."

"मग समितीत बोलला का नाहीस?"

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही असं लिहिलं असतं का?"

फोन मी ठेवला. या माणसाला मी महिनाभर मूर्ख समजत होतो. त्यानं मला नीट ओळखलं होतं. मला विचारायची सवय नाही, हे त्याला पहिल्याच भेटीत कळलं होतं. किती स्वस्तात मिळालो मी — एक डबा बर्फी!

१० जुलै

प्रकरण मागे घेतो म्हणून सांगून आलो. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, ठराव झाला. आता तुम्ही स्वतःच तुमच्या विरोधात कसे जाता? लोक हसतील."

हसू देत. सवय आहे त्यांना.

१३ जुलै

गुलाबचंद आणखी दोघा जुन्यांना घेऊन भूपेशकडे गेले होते. चहा पाजला त्यानं. ठराव तसाच.

२४ जुलै, गुरुवार

कुसुमावती मॅडम घरी आल्या, इथे बेस्याला. दोन बस बदलून. सौ.नं पोहे केले. मॅडम तिच्याशी बोलल्या, माझ्याशी कामापुरतं. बरोबरच आहे.

"रविवारी तीन तारखेला पडवी पाडायला मशीन येणार. मुलं नसतात म्हणून रविवार निवडला त्यांनी."

मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या दिवशी सांगत होतात. मी ऐकून घेतलं नाही."

"हो," त्या म्हणाल्या. नाही-नाही-सर वगैरे काही नाही. नुसतं हो. मला ते आवडलं.

मग म्हणाल्या, "गल्लीत दोन माग अजून चालतात. त्यांचा ताणा आता तयार येतो, पण सूत घेतलंय आम्ही, त्या सकाळी पडवीत ताणा लावायचा. खळ घरीच करू. गुलाबचंद काकांना सगळं आठवतं. पण कडीला बांधेपर्यंत टोक ताणून धरावं लागतं, अन् त्यांच्या हातात जोर राहिला नाही."

पोहे खाऊन झाल्यावर ताटली खाली ठेवत मुख्य गोष्ट बोलल्या. "माणूस कमी पडून राहिला, सर. येता का?"

सौ. मला उत्तर देऊ देईना. "येतील," म्हणाली. "विनोद करायचे नाहीत एवढं सांगून ठेवते."

२ ऑगस्ट

सौ.नं जुनी पँट काढून ठेवली. खळीचे डाग जात नाहीत म्हणे. आभाळ भरलंय. मला वाटतं भूपेश उद्या हसेल. ऐंशीचा म्हातारा, एक मुख्याध्यापिका, एक निवृत्त इंजिनिअर आणि सुताचे धागे. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो. प्रकरणही लिहिलं असतं.

३ ऑगस्ट, रविवार

पाऊस. कोरड्या पडवीत या कडीपासून त्या कडीपर्यंत ताणा लागला. तिकडचं टोक बांधून झालेलं, इकडचं माझ्या हातात. मशीन फाटकात येऊन उभं राहिलं. भूपेश छत्री घेऊन पायऱ्या चढला आणि ताण्यापाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं, सुताकडे पाहिलं. मग वाकून पांढरे बूट काढले.

"ढिला धरून राहिले तुम्ही, सर. धागे चिकटतीन. द्या इकडे."

दिला.